मिलिंदचे सकाळचे चार तास

इरा, नील,

तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि वाक्यं लहान ठेवते आहे. गेल्या रविवारी फोनवर इराने मला विचारलं की मिलिंदमामा नक्की काय होता, प्रोग्रामर की मॅनेजर. पुढच्या महिन्यात इराची पहिली नोकरी सुरू होते आहे, मामाच्याच कामातली. तिकडे कोणीतरी तिला सांगितलंय की दहा-बारा वर्षांनी दोन्हींतलं एक निवडावं लागतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. सारी नोकरी मी शाळेत केली, प्रश्नाला उत्तर न देता वर्गाबाहेर पडायची मला सवय नाही. निदान मी तसं सांगत आले.

आत्ताच लिहायचं कारण हे. त्याला जाऊन सव्वीस दिवस झाले, आणि अजून मला सगळं जसं घडलं तसं आठवतंय. वर्षभराने लिहीन तेव्हा मी त्याला अधिक गुणी करून ठेवीन आणि स्वतःलाही थोडं शहाणं करून घेईन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

एक अडचण आहे. तुम्हाला उद्देशून लिहायला लागले की दर ओळीत 'मामा होता' असं लिहावं लागतं आणि तिथे हात थांबतो. म्हणून मी त्याच्याशीच बोलते. तुम्ही बाजूला बसून ऐका.

मिलिंद, आज सकाळी सात वाजता मी पुन्हा तुझ्या खोलीचं दार लावून घेतलं. आत कोणी नाही, हे कळतं मला. पण पाच वर्षं त्या वेळेला ते दार बंद असायचं आणि मी बाहेर पडवीत भाजी निवडत बसायची, येईल त्याला परतवायला. सात ते अकरा तू कोड लिहायचास. अकरानंतर तू माणसांचा. ही वाटणी तू केली होतीस आणि मी तिच्यावर पहारेकरी होते. नळवाला आला, अकरानंतर या. तुझी मावशी वाशीमहून पहिल्या बसने आली, तिलाही तेच. ती म्हणाली, पोरगा घरात असून भेटत नाही, मग हा काय दरबार लावलाय का? मी तिला चहा दिला. दार उघडलं नाही.

सगळी ऑफिसं बंद पडली त्या वर्षी तू पुण्याहून दोन बॅगा घेऊन मंगरूळला आलास, पंधरा दिवसांसाठी. मग राहिलास. तुझे बाबा नव्हते, माझे गुडघे गेले होते, पण तू कधी 'तुझ्यासाठी राहिलो' असं म्हणाला नाहीस. पुण्यापेक्षा इथे शांत आहे, एवढंच म्हणायचास. लग्न केलं नाहीस. तो वाद वेगळा होता आणि तो मी तू चाळिशीला आल्यावर सोडून दिला.

तुझं काम मला दारापलीकडूनच कळत गेलं. औषधांच्या मोठ्या गोदामांसाठी तुम्ही प्रोग्राम लिहायचात. कुठलं औषध कुठल्या फळीवर, कुठलं आधी वापरायचं, कुठल्या गावच्या दवाखान्यात कमी पडून राहिलंय, ते सगळं तो प्रोग्राम सांगणार. सकाळी तुझ्या खोलीतून नुसती बटणांची टकटक यायची. अकरानंतर तुझा आवाज. आधी काहीतरी थट्टा, मग बराच वेळ तू गप्प, मग तेच वाक्य: "बरं, पण असं करायचं का ठरवलं, ते मला सांग." दुसऱ्यांनी लिहिलेलं तू तपासायचास, मी वह्या तपासायची तसं. पण मी मुलांना कधी 'का ठरवलंस' असं विचारलं नव्हतं. मी विचारायची, 'हे कसं चुकलं?' उत्तर यायच्या आधी माझी लाल पेन्सिल चाललेली असायची. सत्तरी उलटल्यावर, भाजी निवडता निवडता, मी भिंतीआडून शिकवायला शिकले. हे तुला एकदा सांगायचं होतं. राहिलं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने तुला म्हटलं, ही सात जणांची टीम आता तू चालव. तू महिनाभर विचार करत होतास. मी एक मिनिटही केला नाही. मी साधी शिक्षिका म्हणून लागले आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. पायऱ्या चढण्यासाठी असतात याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. जेवताना तू म्हणालास, "आई, मले लोकं सांभाळता येते, पन आवडते कोड लिहाले." लहानपणी मी तुझी भाषा दुरुस्त करून करून तुला छळलं होतं, त्याचा सूड म्हणून तू माझ्याशी मुद्दाम वऱ्हाडीत बोलायचास. मी म्हटलं, शेचाळीस वर्षांचा झालास, किती दिवस पोरांच्या रांगेत बसणार आहेस?

ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. तू म्हणालास, ठीक आहे, पण सकाळ माझी.

मग मी फूटपट्टी घेतली. मोठ्या कागदावर तुझ्या आठवड्याचं वेळापत्रक आखलं, कोडचे चौकोन निळे, माणसांचे लाल. सोमवार ते शुक्रवार, सात ते अकरा सलग निळं. तू ते नीट पाहिलंस, म्हणालास, "याच्यात मधली सुट्टी नाई," आणि भिंतीला चिकटवलंस.

दोन महिन्यांत निळ्यात लाल घुसलं. कोणी सकाळी आठलाच अडकायचं. कोणी नोकरी सोडायची म्हणायचं आणि त्याची समजूत काढण्यात तुझी एक सकाळ जायची. मग वरचे लोक तुला बोलवायचे, कारण तू त्यांना सगळं सोपं करून सांगायचास. दार बंद असायचं, पण आतून टकटक यायची नाही, बोलणं यायचं. आणि तरीही प्रोग्रामचा सगळ्यात अवघड भाग, कुठलं औषध कुठे पाठवायचं ते ठरवणारा, तो तू स्वतःकडेच ठेवला होतास. तुझ्यासारखा तो कोणाला जमणार नाही असं तुला वाटायचं. त्यात खोटंही काही नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

इथे नझनीनबद्दल सांगायला हवं, मुलांनी तिला पाहिलेलं नाही. बस स्टँडजवळ रशीदभाईंचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. तू आल्यावर पहिली बॅटरी त्यांनीच बसवली. बसवता बसवता म्हणाले, मुलगी अमरावतीला कॉम्प्युटर शिकून आली, घरी बसून आहे, स्थळं येताहेत. तू तिला सोडवायला एक कोडं दिलंस. दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन आली आणि ओढणी सारखी करत तुला म्हणाली की सर, तुमचं कोडंच चुकलं आहे. तू दुपारभर हसत होतास. पुढे रीतसर तिच्या परीक्षा, मुलाखती झाल्या, दुसऱ्या दोघांनी घेतल्या, आणि ती तुमच्याकडे लागली. दुकानाच्या वरच्या खोलीतून काम करायची. तुझ्या सातांपैकी मी प्रत्यक्ष पाहिलेली ती एकटी.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर रशीदभाई बॅटरीत पाणी घालायला आले. मी पडवीत होते. म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी आठ दिवसापासून खाली दुकानात येऊन बसून राह्यली. म्हने माझं काम झालं, आता सरचं व्हाचं हाय. मी म्हटलं, मंग बॅटऱ्या पुस."

मला ती गंमत वाटली. दुपारी जेवताना मी तुला तशीच सांगितली. तुझा घास हातात राहिला. मला वाटलं तू चिडलास. मग तू माझ्याशी चक्क शुद्ध बोललास, त्यावरून मला कळलं की हे गंभीर आहे.

"आई, ती एकटीच नाही. सातही जण माझ्यासाठी बसून आहेत. आणि मी रोज त्यांना सांगतो, मी करतो, कोणी हात लावू नका."

तू माझ्याकडे पाहिलंस. आमटी वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पाहत राहिलास. मी तुला विचारलं, ताक हवं का? तू नको म्हणालास.

त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. मुलांनो, मी हे कोणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी मिलिंद दहावीला होता, माझ्याच शाळेत, ब तुकडीत. इंग्रजी माझा विषय. मुख्याध्यापिकेने वर्ग घ्यायलाच हवा असं नव्हतं, पण दहावी ब चं इंग्रजी मी स्वतःकडे ठेवलं. माझ्याइतकं चांगलं ते कोणी शिकवत नव्हतं आणि ते सगळी शाळा जाणत होती. मग वर्ष सुरू झालं. वाशीमला सभा. साहेबांची तपासणी. खोल्यांची दुरुस्ती. पालक. माझा तास पहिला असायचा आणि माझ्या दाराशी सकाळी सकाळी माणसं उभी असायची. एखादे शिक्षक आले नाहीत तर त्यांच्या तासाला दुसऱ्याला पाठवायचं, हे रोज मीच वहीत लिहायची. माझ्या तासाला मात्र कोणाला पाठवलं नाही. एकदोघे जण म्हणाले, बाई, आम्ही घेऊ का? मी म्हटलं, माझा तास कोणी घ्यायचा नाही. मी येते आहे.

आठवड्यातले दोन-तीन दिवस मी गेलेच नाही. पुस्तकातले शेवटचे धडे आणि सगळं पत्रलेखन राहिलं. मार्चमध्ये रविवारी जादा तास घेतले, पण खेड्यावरून येणाऱ्या मुलांना रविवारी बस नसायची. निकाल लागला तेव्हा त्या तुकडीतली बरीच मुलं इंग्रजीत नापास झाली. माझा मुलगा पास झाला, त्याला घरी शिकवायला मी होते. पहिल्या बाकावर सुनीता नावाची मुलगी होती. बाकी सगळ्या विषयांत चांगली, इंग्रजीत नापास. तिच्या वडिलांनी तिला परत परीक्षेला बसवलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिला रिठदला दिली. लग्नाची पत्रिका शाळेत आली होती, मुख्याध्यापिका बाईंना, आग्रहाची.

मी गेले नव्हते. त्या दिवशीही सभा होती.

मिलिंद, तू त्याच वर्गात होतास, चौथ्या बाकावर. त्या दुपारी तुझ्या नजरेत ते होतं की मला तसं वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी ताकाचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तू तो अवघड भाग नझनीनला देऊन टाकलास. आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीस. मला वाटलं माझ्यावर राग आहे. आता वाटतं, तुला फक्त वाईट वाटत होतं. दुसऱ्याच्या हाती दिलेलं काम तो आपल्याहून वेगळं करणार, कदाचित कमी चांगलं करणार, आणि आपण ते करू द्यायचं. हे मला माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही जमलं नव्हतं.

त्यानंतर तू सकाळी काय करायचास ते मी एकदा खुर्ची ओढून शेजारी बसून पाहिलं. पडद्यावर येणाऱ्या एका सूचनेत शब्द चुकला होता, तो तू दुरुस्त करत होतास. मग एक जुना, कोणी न वापरलेला तुकडा काढून टाकलास. मग कुठल्याशा यादीतल्या ओळी नीट क्रमाने लागतील असं केलंस. मी म्हटलं, एवढा मोठा साहेब आणि शुद्धलेखन तपासतोस? तू म्हणालास, या कामाची कोणी वाट पाहत नाही. म्हणून ते मला करता येतं. मधूनच उठावं लागलं तर कोणाचं अडत नाही, आणि हात चालू राहतो. मला ते तुझ्या योग्यतेचं वाटलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

आणि मग तुझं आजारपण, नागपूरचे डॉक्टर. मोठ्या दवाखान्यातल्या त्या तरुण मुलीने, अगदी हळू आवाजात, वर्षांऐवजी महिन्यांत बोलायला सुरुवात केली. तू तिलाच धीर दिलास.

आपला खरा वाद तिथून सुरू झाला आणि तो संपला नाही. मी म्हणत होते, आता माणसं सोड. सकाळचे चार तास तुझ्या आवडीचं लिही, आणि उरलेला दिवस माझ्याजवळ बस. जमत नसेल तर सगळंच सोड. तू बरोबर उलट केलंस. कोड बंद केलास. भिंतीवरच्या त्या कागदावर आता निळं काही राहिलं नाही. रोज सकाळी सातला तू एकेकाला पडद्यावर बोलवायचास, त्यांना काम करायला सांगायचास आणि स्वतः फक्त पाहायचास, दोन-दोन तास. नंतर उशीला टेकून पडून राहायचास. अकराला दार उघडायचं तेव्हा माझ्या वाट्याला जो यायचा तो दमलेला असायचा. मी पहारा मात्र देत होते. माझ्याच विरुद्ध.

शेलूबाजारला गाडी थांबवली होती तो दिवस. नागपूरहून परत येत होतो, मोठा रस्ता सोडून खाली उतरलो आणि चहाच्या टपरीपाशी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, कारण तुझा फोन वाजत होता आणि गावाकडे वळल्यावर आवाज तुटायचा. तुझ्या मांडीवर उलटीसाठी प्लॅस्टिकची पिशवी होती. तू पुण्याच्या कोणा मुलाला चाळीस मिनिटं समजावत होतास. जीपवाले मंगरूळ, मंगरूळ ओरडत होते. मी मागे बसून तुझी मान पाहत होते, ती किती बारीक झाली आहे. तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलले.

"त्यांनी तुला पिळून काढलं, मिलिंद. मला काय ठेवलंस?"

तू मागे वळायचा प्रयत्न केलास, वळता आलं नाही. आरशातून म्हणालास, "आई, माझ्यापाशी त्यायचं अडकलेलं हाय, ते मोकळं करून राह्यलो. तू असती तं काय केलं असतं?"

"मी माझ्या आईजवळ बसले असते."

खांद्यावरून हात मागे केलास. मी तो धरला. तो इतका हलका होता की मला दुसऱ्या हाताने त्याला आधार द्यावा लागला. मग पुन्हा फोन वाजला, आणि तू हात काढून घेतलास.

आपल्या भांडणातलं ते शेवटचं वाक्य माझं आहे. त्यानंतर आपण औषधांबद्दल बोललो, उशांबद्दल, पंख्याबद्दल. ते वाक्य तसंच राहिलं.

तू बुधवारी गेलास, सकाळी, उजाडल्यावर. रशीदभाई आठ वाजता आले. खुर्च्या मांडल्या, सतरंज्या आणल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं. नझनीन आली नाही. नऊ झाले, अकरा झाले. तुला नेलं तेव्हाही ती नव्हती. तीन गल्ल्या पलीकडे राहणारी मुलगी. दुपारी दीडला आली, डोळे सुजलेले. पडवीत बायका बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "झालं का तुझं काम?"

ती म्हणाली, "हो आंटी."

एवढंच म्हणाली. त्या 'हो'ने मला इतकं लागलं की मी तोंड फिरवलं. ती तासभर चपलांजवळ उभी राहिली आणि गेली. माझ्या घरात दुःखाला आलेल्या माणसाला मी उभं ठेवलं, हेही मुलांनो लिहून ठेवते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी ती पुन्हा आली. तुझा लॅपटॉप कंपनीला परत पाठवायचा होता. मी तिला आत बोलावलं नाही, पडवीतच बसवलं. तिने यंत्र डब्यात ठेवलं, डबा चिकटपट्टीने बंद केला, आणि मी न विचारता म्हणाली, "आंटी, त्या दिवशी आमचं नवं काम गोदामांत चालू व्हाचं होतं. सहा महिन्याचं काम. कंपनीवाले म्हने पुढं ढकलू. मीच नाई म्हटलं. सरनं सांगून ठेवलं होतं, मी नसलो तं थांबाचं नाई, अन् कोनी रडत असलं तं त्यानं रडत रडत करा. अब्बा मले आवाज देऊन राह्यले होते खालून. मी वरतून उतरलीच नाई."

मी विचारलं, तुमच्या सरांनी असं का सांगून ठेवलं होतं? मला वाटलं, ती काहीतरी कंपनीचं सांगेल.

ती म्हणाली, सर आम्हाला एक गोष्ट सांगायचे, नवीन माणूस आलं की प्रत्येकाला. त्यांच्या शाळेत एक टीचर होत्या. फार सुंदर शिकवायच्या. इतकं सुंदर की आपला तास त्या दुसऱ्या कोणाला देतच नव्हत्या. आणि त्यांना कामं फार होती. मग वर्ग बसून राहायचा. मुलं आधी गोंगाट करायची, मग तेही सोडून दिलं. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, ती रोज वही उघडायची, समास आखायची, तारीख लिहायची, वर विषय लिहायची आणि पेन हातात धरून दाराकडे बघायची. तास संपला की पान उलटायची. सरांनी वर्षाच्या शेवटी तिची वही मागून घेतली होती, अभ्यासाला. पानांमागून पानं नुसती तारीख आणि समास.

"सर म्हने, तुमच्यातलं जे सगळ्यात चांगलं येते ना, तेच लोकायले अडवते. म्हनून ते आधी द्या."

मुलांनो, माझ्या समोर पडवीत ऊन होतं आणि मला ते दिसेना. निकाल मला माहीत होता, लग्न माहीत होतं. आत काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं. मी वर्गाबाहेर होते.

मी नझनीनला म्हटलं, "त्या टीचर मीच."

ती माझ्या शाळेत शिकली नव्हती. तिच्यासाठी मी फक्त सरांची आई. मग तिने विचारलं, मंग सरनं नाव काहून नाई सांगतलं? मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस. ती थोडी हसली आणि मग रडली, आणि मी तिला आत नेलं. चहा तिनेच केला. मी तिची माफी मागितली, त्या बुधवारच्या माझ्या बोलण्याबद्दल. सुनीताची कुठे मागू? रिठदला असेल तर तिच्या मुली आता त्या वयाच्या पुढे गेल्या असतील. तिला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मिलिंद, तीस वर्षं तू हे स्वतःजवळ ठेवलंस. माझ्याविरुद्ध ठेवलं नाहीस, एवढं मला आता कळतं. नाव गाळून, माझ्यातलं चांगलंही सांगून, तू ते कामाला लावलंस. पण मला तू एकदा विचारायला हवं होतंस. त्या ताकाच्या दुपारी तू नुसतं 'आई, तुला आठवतं का' म्हणाला असतास तर मी हो म्हटलं असतं. असं मी आज म्हणते. तेव्हा कदाचित उठून भांडी आवरायला गेले असते. आणि शेलूबाजारचं ते माझं वाक्य मी आजही मागे घेत नाही. तू माझ्याजवळ बसायला हवं होतंस. तू योग्य केलंस हे मला पटलं आहे, आणि तरी बसायला हवं होतंस. या दोन गोष्टी माझ्यापाशी शेजारी शेजारी राहतील, त्यांचा मेळ घालायला आता तू नाहीस.

इरा, तुझ्या प्रश्नाचं मला जमेल तसं उत्तर. तुझा मामा शेवटपर्यंत कोड लिहिणारा माणूस होता. त्याला सकाळ आवडायची, बंद दार आवडायचं. पण ज्याची कोणी वाट पाहत असेल असं काम त्याने पुढे स्वतःच्या हातात ठेवलं नाही, आणि त्याचा जीव मात्र त्याच कामात होता. दोन्हींतलं एक निवडावं लागतं असं तुला ज्याने सांगितलं, त्याला कदाचित जास्त कळत असेल. मी फक्त हे पाहिलं की तो रोज निवडायचा, आणि रोज त्याला थोडं दुखायचं.

आता उरलंय ते लिहिते आणि थांबते. त्याने स्वतः लिहिलेलं त्या प्रोग्राममध्ये थोडंच आहे, नझनीनने मला आकडा न सांगता बोटांनी दाखवलं, आणि ते लोक बदल करत राहतील तसं तेही जाईल. अवघड भाग आता पूर्ण तिचा आहे. पण ती सात माणसं आहेत. रोज सकाळी ती कामाला बसतात, आणि कोणी कोणासाठी खोळंबून राहत नाही.

तुमची,
आजी